पुण्यात समतेचे शिक्षक कसे घडले



वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की विहार कसा उभा राहिला, वर्गणी कोणी दिली, विटा कोणी वाहिल्या हे आपण लिहितो. ते लिहायलाच हवे. पण या वेळी आम्ही दुसऱ्या एका बांधकामाबद्दल लिहायचे ठरवले. शाळेतला शिक्षक, वसतिगृहाचा गृहपाल, बालवाडीची ताई, आपल्या अभ्यासिकेतला तरुण, ही सगळी पोरांपुढे रोज उभी राहणारी माणसे. समतेच्या कामासाठी ती तयार कशी होतात? की पदवी घेतली म्हणजे माणूस आपोआप तयार झाला, असे आपण धरून चाललो आहोत? या प्रश्नाचा इतिहास शोधायला लांब जायला नको. बुधवार पेठेपर्यंत गेले तरी पुरे.

१८४८ साली जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली हे आपल्या पोराटोरांना पाठ आहे. (तो मोडकळीला आलेला वाडा २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला.) पण शाळा काढणे वेगळे आणि शाळेला शिकवणारे माणूस मिळणे वेगळे. शिकलेले लोक पुण्यात ढीगभर होते, पण या पोरींना शिकवायला येणार कोण? तेव्हा जोतीरावांनी माणूस शोधत बसण्यापेक्षा माणूस घडवला. लग्न झाले तेव्हा सावित्रीमाईंना अक्षर येत नव्हते. नवऱ्याने घरी शिकवले, पण तेवढ्यावर त्यांना वर्गात ढकलून दिले नाही. त्या वेळच्या अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांचे शिकवण्याचे रीतसर शिक्षण झाले. अंगावर शेण झेलले ही गोष्ट आपण दर ३ जानेवारीला सांगतो. त्यांनी शिकवण्याचे शिक्षण घेतले, ही गोष्ट मात्र भाषणात येत नाही. आमच्या मते धैर्याइतकीच ती मोठी आहे. गिरणीत नवा गडी साच्यावर एकटा सोडत नाहीत, जुन्याच्या हाताखाली ठेवतात. पोरांच्या बाबतीत मात्र कोणीही उठावे आणि शिकवावे, असे कसे चालेल?

पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या कोवळ्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आपल्या लोकांचे दुःख तिने थेट लिहिले आणि धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. शाळा सुरू होऊन अवघी काही वर्षे झाली होती. असा प्रश्न विचारायची हिंमत पुस्तकातून येत नाही. समोर उभा असलेला माणूस मुलाला माणूस समजतो की नाही, ते मूल पहिल्याच दिवशी ओळखते.

यावर जोतीरावांनी नुसते भाषण केले नाही, सरकारकडे लेखी मागणी केली. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला, त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे त्यांचे निवेदन आहे. आम्ही ते अनेकदा वाचले. त्यात ते सांगतात की प्राथमिक शाळांतले मास्तर जवळपास सगळे ब्राह्मण आहेत, त्यातले बहुतेक न शिकवलेले, आणि पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो. मग मागणी करतात : शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना शिकवून तयार करा. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. सोवळे सांभाळून लांब उभा राहणारा काय कामाचा? त्यांच्या शिक्षणात शेतीची आणि आरोग्याचीही माहिती असावी. पगार बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस तरी हवा. शिवाय गावचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे असली कामे त्याला द्यावीत, म्हणजे गावात त्याची पत वाढेल. बघा, माणूस कुठून निवडायचा, काय शिकवायचे, पोटाला किती द्यायचे आणि मान कसा मिळवून द्यायचा, सगळे एका कागदात आहे! त्याच निवेदनात आणखी एक आकडा आहे. पुण्यात या अस्पृश्य समाजांची वस्ती पाच हजारांच्या वर, त्यांना शाळा एकच, आणि तिच्यात तीसही मुले नाहीत. पहिली शाळा काढल्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्याच अमेरिकेत पुढे असेच घडले. साउथ कॅरोलिना राज्यात सेप्टिमा क्लार्क नावाच्या काळ्या शिक्षिकेला काळ्यांच्या हक्काच्या संघटनेचे सभासदत्व सोडत नाही म्हणून १९५६ साली नोकरीवरून काढले. त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर या प्रशिक्षण केंद्रात गेल्या. तिथून निघालेला पहिला नागरिकत्वाचा वर्ग १९५७ च्या जानेवारीत जॉन्स बेटावर भरला. त्याला शिक्षिका म्हणून मुद्दाम नेमल्या त्या बर्निस रॉबिन्सन, बायकांच्या केशभूषेचा आणि शिवणकामाचा धंदा करणाऱ्या. शिक्षकी पेशातले माणूस खालच्या आवाजात बोलणाऱ्या शेतमजुराला कमी लेखील ही धास्ती. जोतीरावांच्या कागदाशी याचा काही संबंध नाही, पण अनुभव दोन्हीकडे तोच.

मधल्या काळात कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. १९०८ मध्ये पुण्यात तिची शाखा झाली आणि पुढे भोकरवाडीला अहिल्याश्रम उभा राहिला. त्यांच्या भगिनी जनाबाईंनी या कामाला वाहून घेतले होते. बाबासाहेबांचे आणि शिंद्यांचे पुढे पटले नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बाबासाहेबांनीही सुरुवात वसतिगृहापासून केली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह १९२५ साली सोलापुरात निघाले, आणि १९२८ साली वसतिगृहांच्या कामासाठी वेगळे मंडळ स्थापन केले. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या लोकांनी आपली फसवणूक केल्याची खंत बोलून दाखवली. आपण ती खंत ऐकतो, मान खाली घालतो आणि घरी जातो. पण त्याच वर्षी जुलैत मुंबईत त्यांनी राजकारणात येणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली, हे कितीजणांना ठाऊक आहे? पुढारी शिकवून तयार करावा लागतो, हे त्यांनी शेवटच्या वर्षीही करून दाखवले. महापरिनिर्वाणानंतर ती शाळा फार दिवस टिकली नाही. आज नागपूरला नागलोकात देशभरातून आलेल्या तरुणांना महिनोन्‌महिने निवासी शिक्षण मिळते, ते याच वाटेवरचे काम आहे.

आता आपल्या वस्तीचे बोलू. एका शाळेत आमच्या नात्यातल्या मुलाला वर्गात सर्वांदेखत उभे केले होते. "शिष्यवृत्तीवाली मुलं उभी राहा," एवढेच मास्तर म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नसेलही. मुलगा त्यानंतर आठ दिवस शाळेत गेला नाही. त्या मास्तरांना कोणी कधी सांगितलेच नसेल, की फॉर्म मधल्या सुट्टीत बोलावूनही भरून घेता येतात. दुसरा सवाल आपल्या घरातला. विहाराच्या अभ्यासिकेत पलीकडच्या गल्लीतली मातंग आणि वाल्मिकी समाजाची पोरे बसायला लागली, तर आपला तरुण त्यांना कोणत्या नजरेने बघणार? मुक्ता साळवेचे नाव घेणाऱ्यांनी याची तयारी आधी करायची असते.

खुर्च्या, पंखे, टीव्ही यासाठी आपल्याकडे वर्गणी पटकन गोळा होते. अभ्यासिका घेणाऱ्या मुलामुलींना शिकवायला एखादी जाणती शिक्षिका महिन्यातून दोनदा बोलवायची, त्यांच्या येण्याजाण्याचा आणि चहापाण्याचा खर्च करायचा म्हटले की चर्चा लांबते. म्हणून समितीपुढे आम्ही असे मांडले आहे की या वर्षावासात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर अभ्यासिकेच्या तरुणांनी तासभर बसावे आणि पहिले तीन रविवार हंटर आयोगापुढचे निवेदनच वाचावे. मूळ लेखन इंग्रजीत आहे. शासनाने काढलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' ग्रंथात ते सापडते. ज्याला इंग्रजी येते त्याने वाचून मराठीत समजावावे, आणि ज्यांच्या मुलांना शाळेत काही सोसावे लागले असेल त्या आयाबहिणींनी शेजारी बसून आपले सांगावे.