मोटारगाडीतील वातानुकूलन

मोटारगाडीच्या बंद कक्षातील हवेचे तापमान, आर्द्रता व अभिसरण यांचे नियंत्रण करणारी योजना. तापन व शीतन ही तिची दोन अंगे होत. तापनासाठी एंजिनाची वाया जाणारी उष्णता पुरते. शीतनासाठी मात्र एंजिनाची शक्ती खर्चावी लागते. म्हणून गाड्यांत तापन आधी रुळले व शीतन मागाहून आले.

कार्य : एंजिनाभोवती फिरून तापलेल्या पाण्याचा काही भाग लहान नळीजालातून नेऊन त्यावरून पंख्याने हवा सोडली की कक्ष उबदार होतो. शीतनात उष्णता नष्ट होत नाही, ती बाहेर नेली जाते. पंप विहिरीचे पाणी उंचावरील शेतात चढवितो, तसा संपीडक (कॉम्प्रेसर) थंड जागेतील उष्णता अधिक उष्ण जागी चढवितो. आर-१३४ए हे प्रशीतक सु. ३ बार दाबाला सु. ०° से. तापमानास उकळते व त्या वेळी कक्षातील हवेची उष्णता घेते. हवेतील आर्द्रताही थंड नळ्यांवर पाणी होऊन गळते. संपीडक ही वाफ सु. १५ बारपर्यंत दाबतो. त्या दाबाला ती सु. ५५° से. तापमानास द्रवरूप होते, म्हणून ४०° से. तापमानाच्या बाहेरील हवेलाही ती उष्णता देऊ शकते. पुढे प्रसरण झडपेतून दाब उतरताच द्रव पुन्हा थंड होतो व चक्र पूर्ण होते.

इतिहास : १९३८ मध्ये अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून व तापवून आत सोडणारी योजना आणली. पॅकार्ड कंपनीच्या १९४० सालच्या गाड्यांत यांत्रिक शीतन आले; परंतु त्यात संपीडक एंजिनापासून सोडविणारा क्लच नव्हता, त्यामुळे शीतन बंद ठेवण्यासाठी पट्टा काढावा लागे. १९५४ मध्ये नॅशने तापन व शीतन एकाच संचात आणले.

औंध संस्थान व संपीडक : बेळगावहून कारखाना हलविणे भाग पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन व कर्ज दिले. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हा भाग आज सांगली जिल्ह्यात, तर औंध सातारा जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगरानंतर या कारखान्यात १९२६ मध्ये अपकेंद्री पंप तयार झाला. पंप असो वा संपीडक, अचूक ओतकाम व न गळणारे सांधे ही दोहोंची समान गरज होय. १९५८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी हवेच्या व प्रशीतनाच्या संपीडकांकडे वळली. पुढे सातारा जिल्ह्यातील कराड येथे किर्लोस्कर कोपलँड कंपनीने विद्युत् चलित्रासह पोलादी कवचात बंद केलेले संपीडक बनविले. ते स्थिर यंत्रांसाठी होते. मोटारगाडीत संपीडक एंजिनाच्या पट्ट्याने फिरत असल्याने त्याचा दंड कवचाबाहेर काढावा लागतो, आणि तेथून व रबरी नळ्यांतून प्रशीतक हळूहळू झिरपते.

प्रशीतके : ही गळती प्रथम केवळ खर्चाची बाब मानली जाई. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी आर-१२ सारख्या क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचा ओझोन थराला असलेला धोका दाखविला. १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला. भारतासह विकसनशील देशांसाठी २०१० ही मुदत होती. बदली आलेले आर-१३४ए ओझोनास निरुपद्रवी असले, तरी वजनास वजन धरता शंभर वर्षांत कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. १,४०० पट तापनक्षम आहे. त्यामुळे २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा प्रशीतकांच्याही कपातीचे वेळापत्रक ठरविले.

विजेच्या गाड्यांत संपीडक चलित्रासह बंद कवचात बसतो व दंडाजवळील गळती टळते. मात्र एंजिनाची फुकट उष्णता तेथे नसल्यामुळे तापनासाठीही विद्युत् घटमालेतील ऊर्जा लागते व गाडीचा पल्ला घटतो. काही गाड्यांत यासाठी शीतनचक्र उलटे चालवून बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणली जाते.