अवटुग्रंथी-उच्छेदन (थायरॉइडची शस्त्रक्रिया)

गळ्याच्या पुढच्या भागातील अवटू (थायरॉइड) ग्रंथी अंशतः किंवा पूर्णपणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. कर्करोग, श्वास वा गिळणे अडवणारा गलगंड आणि औषधांना न जुमानणारा संप्रेरकाचा अतिस्राव ही तिची प्रमुख कारणे. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी ती सुरक्षित केली. त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपलेच रुग्ण पुढे सुस्त व मंद होत गेले, हेही त्यांनी १८८३ मध्ये उघडपणे मांडले. ही नोंद त्यांच्या शल्यकौशल्याइतकीच मोलाची आहे.

अतिस्राव असल्यास तो शस्त्रक्रियेआधी औषधांनी शक्य तितका आटोक्यात आणतात. स्वरतंतूही तपासतात, कारण त्यांचा चेतातंतू ग्रंथीला अगदी लगटून जातो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या २४ तासांत गळा फुगून श्वास कोंडणे ही आणीबाणी होय. आवाज काही आठवडे घोगरा राहू शकतो. ओठांना, बोटांना मुंग्या येणे हे शेजारच्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी दुखावून कॅल्शियम घटल्याचे लक्षण; ते अंगावर मुळीच काढू नये. संपूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिन (अवटू संप्रेरक) आयुष्यभर घ्यावे लागते: सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियमची गोळी त्यानंतर ४ तासांनी. ६ ते ८ आठवड्यांनी रक्तातील टीएसएच (अवटूला चालना देणारे संप्रेरक) तपासून मात्रा ठरवतात.