तल्लक्षण : ललितविस्तरातील एक महासंख्या

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील दात्यांची नोंद आहे. १९७३ च्या उत्खननात येथे सातवाहनकालीन व्यापारी नगराचे अवशेष मिळाले. व्यापार आणि दान या दोहोंना हिशेब लागतो. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे ३५ कार्षापणांस एक या दराने २,००० सुवर्ण होतात, असे स्पष्ट नोंदविले आहे. त्या लिपीत दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. शून्याने स्थान दाखविण्याची रीत नव्हती. फार मोठी संख्या लिहिणे अवघड, म्हणून तिला नाव दिले जाई.

भोकरदनच्या उत्तरेस अजिंठा आहे. तेथील सोळाव्या लेण्यात, वाकाटक सचिव वराहदेवाच्या दानातून झालेल्या विहारात, सिद्धार्थाच्या विद्याभ्यासाचे चित्र आहे. याच विषयावर ललितविस्तरात एक प्रसंग येतो. अर्जुन नावाचा गणितज्ञ सिद्धार्थाला कोटीच्या पुढील गणना विचारतो. शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, अशा तेवीस पायऱ्या चढून सिद्धार्थ तल्लक्षणापर्यंत पोहोचतो.

कोटी म्हणजे १० चा ७ वा घात. प्रत्येक पायरीला दोन शून्ये वाढतात. तेवीस पायऱ्यांत ४६. म्हणून तल्लक्षण म्हणजे १० चा ५३ वा घात, एकावर त्रेपन्न शून्ये. २ आणि ५ हेच तिचे मूळ अवयव, प्रत्येकी ५३ वेळा; म्हणून तिचे विभाजक ५४ × ५४ = २,९१६ होतात. घातांक विषम असल्याने ती पूर्ण वर्ग नाही. आरंभ सातपासून आणि वाढ दोन-दोनाने, त्यामुळे या मालिकेतील एकही संख्या पूर्ण वर्ग ठरत नाही. याउलट कच्चायनाच्या पाली व्याकरणातील असंख्येय ही कोटीचा विसावा घात, म्हणजे १० चा १४० वा घात. ती पूर्ण वर्ग आहे. 'असंख्येय' म्हटलेल्या संख्येलाही आपल्या परंपरेने निश्चित माप दिले, हे लक्षात घ्यावे.

तल्लक्षण हा शेवट नव्हे. ग्रंथात त्यापुढेही गणना चालू राहते, कारण नियम हाती आला की पुढची पायरी कोणालाही चढता येते.

या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहणे आम्हास मान्य नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही सिद्धार्थाचे शिक्षण गुरूंजवळ झाल्याचे सांगितले आहे. ज्यांच्या पूर्वजांना पाटीपासून दूर ठेवले गेले, त्यांना या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ज्ञान हे जन्माने लाभत नाही. ते पायरीपायरीने मिळवावे लागते. विहारातील मुलांनी कोटीपासून तल्लक्षणापर्यंतच्या तेवीस पायऱ्या स्वतः पाटीवर मांडाव्यात, एवढेच आमचे निवेदन आहे.