‘मॉसोलियम’ शब्दाचे कुळ

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ आणि मूळ गाव असते. भव्य थडग्यास इंग्रजीत ‘मॉसोलियम’ म्हणतात. हा शब्द मराठी वृत्तपत्रांतूनही अधूनमधून दृष्टीस पडतो. तो आला कोठून, हे ज्ञातिबांधवांस आणि विशेषतः विद्यार्थ्यांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पूर्वी कॅरिया नावाचा प्रांत होता. इराणी सम्राटाचा क्षत्रप मॉसोलस हा तेथे राज्य करीत असे. इ. स. पूर्व ३५३ मध्ये तो निवर्तला. हॅलिकार्नासस या राजधानीत त्याचे सुमारे १४० फूट उंचीचे स्मारक उभारण्याचे काम त्याची राणी आर्टेमिसिया हिने चालविले. ते पुरे होण्यापूर्वीच तीही वारली. पण कारागिरांनी काम तडीस नेले. प्राचीनांनी या वास्तूची जगातील सात आश्चर्यांत गणना केली. मॉसोलसची वास्तू म्हणून तिला ‘मॉसोलिऑन’ हे नाव पडले. पुढे रोमन लोक कोणत्याही भव्य थडग्यास ते लावू लागले. ऑगस्टस सम्राटाची रोममधील कबरही याच नावाने ओळखली जाते. मूळ वास्तू मात्र भूकंपांनी ढासळली व तिचे दगड पुढे एका किल्ल्याच्या भिंतीत गेले. दगड गेले, शब्द उरला!

आपल्याकडील शब्द पाहिले असता निराळाच विचार दिसतो. ‘मकबरा’ म्हणजे कबरीचे स्थान. हा शब्द अरबी आहे. ‘दर्गा’ हा फारसी शब्द मुळात दरबारवाचक. ‘छत्री’ म्हणजे छाया धरणारी. पुण्यास वानवडी येथे महादजी शिंदे यांची छत्री प्रसिद्ध आहे. ‘समाधी’ ही तर मुळी चित्ताची अवस्था. संतांमुळे ती स्थानवाचक झाली आणि पुढे रायगडावर जेथे शिवछत्रपतींचे दहन झाले, त्या स्थानासही आपण समाधी म्हणू लागलो. आम्हां वांद्रेकरांस माहीमची खाडी ओलांडली की मखदूम अली माहिमी यांचा दर्गा लागतो. आणखी पुढे दादरच्या समुद्रकाठी, जेथे १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेथे चैत्यभूमी आहे. ‘चैत्य’ या शब्दाचा संबंध चितेशीच आहे. या शब्दांपैकी एकही कोणा व्यक्तीच्या नावावरून आलेला नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. वास्तू राणीने उभारविली, शब्द मात्र राजाच्या नावाचा झाला. छत्रपती संभाजीनगर येथील ‘बीबी का मकबरा’ औरंगजेबाच्या पत्नीचा. पण तेथे जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असते की तिचे नाव दिलरस बानू होते? लोकांच्या तोंडी ती केवळ ‘बीबी’.

आपल्या घरी तरी याहून वेगळे काय आहे? आपण अग्निसंस्कार करणारे. मकबरे बांधीत नाही. आपल्या पूर्वजांचे स्मारक म्हणजे वंशावळ. ती उघडून पाहावी. आजा, पणजा, खापरपणजा सारे क्रमाने दिसतात. आजी आणि पणजी मात्र बहुधा आढळत नाहीत. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल असल्यामुळे माहेरचे नाव तर एका पिढीतच विसरले जाते. ज्यांनी संसार उभे केले, त्यांचेच नाव नसावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

म्हणून ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे, की घरात वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांस विचारून आजी-पणजींची माहेरची व सासरची नावे आणि माहेरचे गाव वंशावळीत लिहून ठेवावे. यास ना संगमरवर लागतो, ना वर्गणी. एक वही व एक सायंकाळ पुरेशी आहे.