सामत्याचं भोक, हाडाचं भोक

आमच्या अर्नाळ्याच्या घरी माळ्यावर एक सामता पडून आहे. लाकडी दांडा, त्याच्या टोकाला पानासारखं चपटं लोखंडी पातं, वर तळवा टेकायला करवंटीचा तुकडा आणि दांडा फिरवायला दोरी ताणलेली कमान. आजा होड्या बांधायचा. सागाच्या फळीत खिळा मारायचा, तर आधी सामत्यानं भोक. सरळ खिळा ठोकला तर फळी फुटते आणि फुटलेली फळी समुद्रात माणसं बुडवते. कमान पुढे-मागे ओढली की दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरायचा आणि पिठासारखा भुसा बाहेर यायचा. मध्येच आजा थांबायचा, पात्याला बोट लावायचा, फुंकर मारायचा. मला वाटायचं, म्हातारा दमला.

पुढे मी याच गोष्टीवर पीएच.डी. केली. म्हणजे भोकावर. लग्नाकार्यात कुणी विषय विचारला की मी 'मेकॅनिकल' म्हणून वेळ मारून नेतो. खरं उत्तर असं, की हाडात भोक पाडताना हाड किती तापतं.

पण आमच्या वसईच्या भागात भोकाचा इतिहास विद्यापीठापेक्षा जुना आहे. शेजारचं आगाशी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापाराचं आणि जहाजबांधणीचं नावाजलेलं गाव होतं. 1530 आणि 1531 अशी लागोपाठ दोन वर्षं पोर्तुगीजांनी ते लुटलं. 1534मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, 1739मध्ये चिमाजीअप्पांनी ती परत घेतली. किल्ल्यावरची निशाणं बदलली. सुताराच्या हातातलं भोक पाडायचं हत्यार मात्र फारसं बदललं नसावं. माझ्या लहानपणापर्यंत तरी ते चालू होतं.

बदल आला तो दूरवरून. 1863मध्ये अमेरिकेत स्टीफन मोर्स नावाच्या माणसानं पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच ते. त्याची करामत पिळात आहे. टोक कापतं आणि कापलेला बुरा पिळातून आपोआप वर चढतो. सामत्याला उलटसुलट फिरावं लागतं, हे एकाच दिशेनं फिरत राहतं. त्यामुळे वेग वाढला आणि वेगाबरोबर तापही.

बाबांनी सुतारकी सोडली आणि टर्नर झाले. विजेची लोकल विरारपर्यंत 1936मध्येच आली होती, त्यामुळे अर्नाळ्याच्या पोरानं परळला कामाला जाणं नवलाचं नव्हतं. पहाटे डबा घेऊन निघायचं, रात्री ग्रीसचा वास घेऊन यायचं. पुढे सरकारनं मुंबईत नवे कारखाने काढण्यावर बंधनं आणली, जागांचे भाव चढले आणि जॉबवर्क करणारी छोटी माणसं खाडी ओलांडून इकडे आली. वसई पूर्वेला हायवेच्या अंगाला वालीव, सातिवली, गावराईपाडा इथे गाळे उभे राहिले. पत्र्याचं छप्पर, एक लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर. बाबांनीही नोकरी सोडून असाच एक गाळा भाड्यानं घेतला.

तिथे एकदा मोडलेलं हाड जोडायच्या प्लेटांचं काम आलं. 316एल स्टेनलेसच्या पट्ट्या, त्यांना ठरावीक अंतरावर स्क्रूची भोकं. सोबत हाताच्या हाडात ठोकायच्या चौकोनी सळयाही होत्या. त्यांना 'तळवलकर नेल' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मराठी आडनावाची सळई! ती चौकोनी का? गोल सळईभोवती मोडलेलं हाड फिरू शकतं, चौकोनी सळईच्या कडा ते धरून ठेवतात. ही युक्ती मला कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकाआधी त्या गाळ्यात समजली.

मी सुट्टीत ड्रिल मशीनवर बसलो होतो. महागाची पट्टी, म्हणून हलक्या हातानं, भीतभीत दाब देत होतो. ड्रिल किंचाळलं, टोक निळं पडलं. बाबा मागून म्हणाले, ‘‘स्टेनलेसला घाबरायचं नाही. दाब दे. त्याला कापू दे, घासू देऊ नकोस.’’ कारण साधं आहे. ड्रिल नुसतं घासत राहिलं की स्टेनलेसचा पृष्ठभाग आणखी कडक होतो, मग ते कापत नाही, नुसतं तापतं.

संशोधनाची वाट तेव्हा खाडीपलीकडेच होती. मुंबई विद्यापीठ 1857चं, व्हीजेटीआय 1887ची, आयआयटी 1958ची. वसईत विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आलं 1994मध्ये. मी शिकवायला लागलो आणि काही वर्षांत कळलं, की बढती हवी तर पीएच.डी. हवी. खोटं कशाला बोलू, सुरुवात ज्ञानासाठी नव्हती, वेतनश्रेणीसाठी होती. विषय मात्र गाळ्यातून आला.

वाचायला लागलो आणि दोन निबंधांपाशी अडकलो. 1972च्या एका निबंधात मॅथ्यूज आणि हिर्श यांनी माणसाच्या हाडात भोकं पाडून दाखवलं होतं, की वेगापेक्षा दाब महत्त्वाचा. दाब वाढवला की भोक लवकर पडतं आणि हाड कमी तापतं. हे तर बाबांचंच वाक्य! दुसरा 1983चा, स्वीडनच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांचा. सशाच्या हाडावर त्यांनी सीमारेषा शोधली होती: 47 अंश, एक मिनिट. त्यापुढे हाडाच्या पेशी मरतात. मेलेल्या हाडात स्क्रूची पकड टिकत नाही आणि शस्त्रक्रिया चांगली होऊनही प्लेट सैल होते.

माझं प्रयोगाचं सामान बाजारातून यायचं. खाटकाकडून म्हशीच्या मांडीचं हाड. ‘‘सूप करताय का सर?’’ तो दरवेळी विचारायचा. हाड खरवडून, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये. शिपायानं त्या फ्रीझरला हात लावायचं सोडलं. भोकाच्या भिंतीपासून अर्ध्या मिलिमीटरवर ताप मोजणारं केसाएवढ्या तारेचं थर्मोकपल बसवायचं आणि 3.2 मिलिमीटरचं ड्रिल उतरवायचं. साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूआधी सर्जन तेच वापरतात. पहिल्या आठवड्यात सहा थर्मोकपल माझ्याच हातून तुटले. दंतवैद्याच्या खुर्चीत येतो तसा जळक्या नखाचा वास वर्कशॉपभर पसरायचा. हाड उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे ताप भोकाच्या काठाशीच साचतो. थांबून थांबून, ड्रिल वर काढून, मिठाचं पाणी सोडत गेलं की तापाचा आलेख खाली बसायचा.

एका संध्याकाळी उरलेल्या हाडावर मी आज्याचा सामता चालवून पाहिला. भुसा पिठासारखाच आला. आलेख जेमतेम हलला. तेव्हा उमगलं, की म्हातारा दमत नव्हता. पण हा प्रयोग मी प्रबंधात घातला नाही. कमानीचा वेग आणि हाताचा दाब एकसारखा ठेवता येत नाही. पुन्हा तसाच करून दाखव म्हटलं, तर मलाही जमणार नाही.

फरक इथेच आहे. आज्याला बोटानं कळायचं, बाबांना आवाजानं. ते ज्ञान खरं होतं, पण त्या हातांबरोबर संपणारं होतं. शिवाय ऑपरेशनच्या टेबलावर हाडाच्या आतला ताप कुणाच्याच बोटाला कळत नाही. तिथे 47 हा आकडा लागतो, कधी न भेटलेल्या सर्जनच्या हातापर्यंत पोचणारा.

प्रबंध जवळपास पुरा झाला तेव्हा बाबांना आलेख दाखवले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळं पाहिलं. मग विचारलं, ‘‘हे सगळं नव्या ड्रिलवर. दवाखान्यातल्या ड्रिलला धार कोण लावतं?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच ड्रिल शिजवून, निर्जंतुक करून पुन्हापुन्हा वापरलं जातं. किती भोकांनंतर ते टाकायचं, याचा विचार मी केलाच नव्हता. सादरीकरण आठ महिने लांबलं. पुन्हा हाडं आली, पुन्हा खाटकानं सुपाचं विचारलं. प्रबंधाचं पाचवं प्रकरण बोथट ड्रिलवर आहे.