मलप्रभा : माटुंगा ते शाकोपी

मंडळी, दिवाळी अंकात सांडपाण्यावर लेख! नाक मुरडण्याआधी दोन मिनिटं द्या. हवं तर फराळाची ताटली बाजूला ठेवून वाचा. मैल्यापासून आणि टाकाऊ तेला-तुपापासून गॅस तयार करायचा, ही कल्पना आज अगदी 'ग्रीन' आणि आधुनिक समजली जाते. पण तिच्या इतिहासातलं एक अगदी सुरुवातीचं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

दलदलीतून बुडबुडे येतात आणि ते पेट घेतात, हे इटलीच्या व्होल्टाने 1776 मध्येच दाखवलं होतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर गावात डोनाल्ड कॅमेरॉनने 1895 च्या सुमारास मैल्याची बंद टाकी बांधली आणि तिच्यातल्या गॅसवर दिवे लावले. त्यानंतर लगेच, 1897 साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीवर गॅस गोळा करायची सोय झाली, आणि त्या गॅसवर इंजिन चाललं.

हा आश्रम 1890 साली उभा राहिला तो मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने. रस्त्यावर भीक मागणाऱ्या, घरच्यांनी टाकलेल्या रुग्णांसाठी. पुढे त्याला ॲक्वर्थचंच नाव मिळालं. आज वडाळ्यात महापालिकेचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते हेच. गंमत म्हणजे मराठी वाचकाला ॲक्वर्थ वेगळ्याच कारणाने माहीत असतो. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर जुने ऐतिहासिक पोवाडे गोळा करून 1891 साली छापणारा तो हाच साहेब!

इथे तारखांचा एक घोळही निस्तरायला हवा. 'भारतातला पहिला बायोगॅस प्रकल्प 1859 साली मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीत' असं वाक्य अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. पण माटुंग्याचा आश्रमच मुळी 1890 सालचा. म्हणजे 1859 मध्ये तिथे टाकी कुठून येणार? 1897 हेच साल जुळतं. अडतीस वर्षं कमी झाली म्हणून आपलं काही बिघडत नाही. 1897 सुद्धा जगाच्या मानाने खूप लवकरच आहे.

आता हा गॅस होतो कसा? हवाबंद टाकीत मैल्याचा गाळ साधारण 35 अंश सेल्सिअसला पंधरा-वीस दिवस किंवा जास्त ठेवला, की जीवाणूंची साखळी कामाला लागते. एक गट मोठे रेणू तोडतो, दुसरा त्यांची आम्लं करतो आणि शेवटचा गट त्यातून मिथेन बनवतो. निघणाऱ्या गॅसमध्ये साठ-पासष्ट टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. मैल्याचा वास कमी होतो, रोगजंतू घटतात आणि खत उरतं. टाकी बंद, त्यामुळे माणसाला रोजच्या रोज मैल्यात हात घालावा लागत नाही.

माझ्या मते आपल्याकडच्या बायोगॅसच्या इतिहासाचा खरा गाभा या शेवटच्या वाक्यात आहे. गॅस किती निघाला हा प्रश्न नंतरचा. घाणीत हात कोणी घालायचा, हा पहिला.

हा प्रश्न अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्यभर विचारला. कोकणचे गांधी म्हणतात ते हेच. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतलं. उच्च जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. अप्पांनी अन्न कमी केलं, आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं! पुढे 1948 साली अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथल्या 'गोपुरी' संडासात मैल्याचं खत होई आणि कोणालाही तो डोक्यावरून वाहावा लागत नसे.

तोच धागा देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी पुढे नेला. 1960 च्या सुमारास ते तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. बघतात तर आजार बरे करावेत तेवढे पुन्हा हजर, कारण गाव उघड्यावर बसायचं. औषधापेक्षा संडास महत्त्वाचा हे ओळखून ते देहूलाच राहिले आणि संडासाला जोडलेला बायोगॅस त्यांनी सुधारत नेला. त्याचं नाव 'मलप्रभा'. मलातून प्रभा! 2015 साली ते गेले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता तेला-तुपाकडे वळू. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. शेण म्हणजे गायीने सत्त्व काढून घेतलेला चोथा. जीवाणूंना थेट अन्नच दिलं तर? त्यांच्या 'आरती' संस्थेच्या घरगुती बायोगॅस संचाला 2006 साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हिशेब सोपा आहे. एक किलो पिष्टापासून सिद्धांताप्रमाणे चारशे लिटरच्या आसपास मिथेन मिळतो, तर एक किलो चरबीपासून जवळजवळ हजार लिटर. पण नुसती चरबीच घातली तर तिच्यातून सुटणारी आम्लं जीवाणूंना जड जातात आणि टाकी बसते. म्हणून ती गाळात बेताने मिसळायची. फोडणीत हिंग घालतो तशी, अंदाज राखून!

कॅलिफोर्नियात ओकलंडच्या केंद्राने गाळाबरोबर रेस्टॉरंटांचा तेलकट कचरा आणि अन्नकचरा घ्यायला सुरुवात केली, आणि 2012 साली ते स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करू लागलं. नाशिकला 2017 साली जर्मनीच्या मदतीने सार्वजनिक शौचालयांचा मैला आणि हॉटेलांचा अन्नकचरा एकत्र घालून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला.

आणि आपल्या ईडन प्रेरीचं काय? आपल्या सिंकमधून गेलेलं पाणी मिनेसोटा नदीपलीकडे शाकोपीला, मेट्रोपॉलिटन कौन्सिलच्या ब्लू लेक केंद्रात जातं. 2010 नंतरच्या काळात तिथेही गाळाच्या बंद टाक्या आल्या. बाहेर उणे वीस असताना आत पस्तीस अंश राखायचे, तेही त्याच गॅसच्या ऊबेवर! राहिलेला गाळ वाळवून खताच्या गोळ्या होतात. मग चकल्या तळलेलं तेल सिंकमध्ये ओतलं तर गॅसच वाढेल की, असं कोणी म्हणेल. तसं होत नाही हो. ते टाकीपर्यंत पोचण्याआधीच पाइपात साबणासारखं घट्ट होऊन बसतं. टाकीत जाणारी चरबी रेस्टॉरंटांच्या सापळ्यांतून टँकरने वेगळी नेतात. तेव्हा कढईतलं तेल गार करून डब्यात भरा आणि कचऱ्यात द्या.

पाइप तुंबला की तो मोकळा करायला कोणाला तरी जावंच लागतं. इथे त्याच्यापाशी यंत्रं असतात, मास्क असतो. भारतात हाताने मैला साफ करण्यावर 1993 साली बंदी आली, 2013 साली कायदा आणखी कडक झाला, तरीही गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात. त्यांचा जीव घेणारा विषारी वायू त्याच कुजण्यातून येतो, ज्यातून माटुंग्याचं इंजिन चाललं. बंद टाकीत तो कामाला येतो. उघड्या गटारात, कोणाच्या लक्षात नसताना, तो माणूस घेऊन जातो. फरक विज्ञानाचा नाही, तो कळून सव्वाशे वर्षं झाली. खाली उतरणारा माणूस आपला वाटतो की नाही, एवढाच तो फरक आहे.