नाव कुणी ठेवलं?

नावात काय आहे असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा बरं नाव मिळालेलं असतं. आपल्याला तो प्रश्न परवडत नाही.

मनुस्मृतीचा दुसरा अध्याय, श्लोक ३१. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित. म्हणजे ऐकताच किळस यावी असं. पुढच्या श्लोकात शूद्राच्या नावाला चाकरीचा अर्थ जोडायला सांगितलाय. पोराचं बारसं व्हायच्या आधीच त्याचं काम ठरलेलं.

आता आपल्या आज्यापणज्यांची नावं आठवा. कचरू, दगडू, धोंडू, भिकू. कुणी म्हणेल, मुलं जगत नसत, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवत. खरं आहे. ही चाल सगळ्याच जातींत होती. महर्षी कर्वेसुद्धा धोंडो केशवच. पण ते धोंडोपंत झाले आणि आपला म्हातारा मरेस्तोवर धोंड्या राहिला. दगड तोच, शेपूट वेगळं. हे व्याकरण पुस्तकात नाही, पाटलाच्या ओट्यावर आहे.

याच लोकांच्या नावाला एक दुसरंही शेपूट होतं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर 'नाक' लागलेली नावं कोरलेली आहेत. 'नाक' म्हणजे कुणी नायक सांगतं, कुणी नाग. काहीही असो, ते मानाचं होतं. ते बोलण्यातून गेलं आणि 'या' तेवढा उरला.

जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त महार या शब्दाची फोड 'महाअरि' अशी केली. महाअरि म्हणजे मोठा शत्रू. भाषापंडित ती मानत नाहीत, आणि आपणही तिला पुरावा म्हणू नये. पण शब्दाचा अर्थ लावायचा हक्क आमचाही आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं.

मग भांडण अख्ख्या समाजाच्या नावावर आलं. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि श्रीनिवासन यांनी लेखी मागितलं, आमचं नाव बदला. १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष सभागृहाबाहेर पडला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी स्वतःचं नाव स्वतः घेतलं, बौद्ध. घरात गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता आले. १९७२ ला पँथर उभी राहिली. तिच्या जाहीरनाम्यानं 'दलित' शब्दात भूमिहीन, कामगार आणि बायाही घेतल्या.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत इरोक्वाय म्हणून मूळनिवासींचा एक संघ आहे. हे नाव फ्रेंचांनी जगभर नेलं. ते स्वतःला हौडेनोशोनी म्हणतात, लांब घराची माणसं. त्यांच्यातल्या एका राष्ट्राला जग मोहॉक म्हणतं. तो शेजारच्या वैऱ्यांचा शब्द, अर्थ माणूसखाऊ. त्यांचं स्वतःचं नाव आहे गारगोटीच्या मुलखातले लोक. वैऱ्यानं दिलेलं नाव नकाशावर छापलं गेलं की पुढच्यांना तेच खरं वाटतं.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर. चांगलं झालं. पण पाटी बदलली म्हणून तोंड बदलत नाही. आमच्या कारंज्याचंच घ्या. करंज ऋषीची कथा पोरासोरांना पाठ आहे, गावाच्या नावात लाड आहेत. कापसाचे बोजे वाहणाऱ्यांची नावं कुठल्याच कथेत नाहीत.

तेव्हा कामाला लागा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसा. नाव काय, कुणी ठेवलं, गाव कोणत्या नावानं हाका मारी, सगळं लिहून घ्या. बायांची नावं आधी लिहा, कारण ती लग्नातही बदलली गेली. ही माणसं गेल्यावर हजेरीबुकात जे नाव आहे तेवढंच उरेल, आणि ते आपण लिहिलेलं नाही.